प्रोस्टेटचे ऑपरेशन रोबोटने करावे का? आधी ग्रंथीचे माप विचारा

लग्नाला जायची बस ठरली की घरातले एक ज्येष्ठ हळूच विचारतात, ‘मध्ये गाडी कुठे थांबणार आहे?’ नाटकाला गेले की कडेची खुर्ची मागतात. रात्री तीन-चारदा उठतात आणि सकाळी कुणी विचारले तर ‘वयामुळे झोप कमी झालीय’ म्हणून विषय बदलतात. वर्ष-दोन वर्षे अशीच जातात. मग एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते, ओटीपोट दगडासारखे होते आणि मिळेल त्या रिक्षाने जवळचे हॉस्पिटल गाठावे लागते. नळी घातली जाते, पिशवी लावली जाते. ज्या विषयावर घरात कधी शब्द निघाला नव्हता, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तासात निर्णय घ्यायची वेळ येते.

या अर्ध्या तासात अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे : ‘रोबोटने करायचे का?’ शहरांतल्या फलकांवर रोबोटिक सर्जरीच्या जाहिराती झळकतात. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर ‘जे सगळ्यात चांगले असेल ते करा, पैशाचे बघू’ म्हणतो. सगळ्यात चांगले म्हणजे सगळ्यात नवे, असा अर्थ घरातले आपोआप काढतात.

प्रोस्टेटच्या साध्या वाढीत हा अर्थ बहुतेक वेळा चुकतो. रोबोटला या आजारात जागा आहे, पण ती मर्यादित आहे. ती नेमकी कोणती, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवे. नाहीतर ऑपरेशनची निवड आजार पाहून होण्याऐवजी हॉस्पिटलात कोणते यंत्र आहे ते पाहून होते.

प्रोस्टेट वाढते म्हणजे नेमके काय होते?

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, फक्त पुरुषांमध्ये असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती ती कड्यासारखी बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम, आकार अक्रोडाएवढा. वय वाढते तसा तिचा आतला भाग फुगत जातो. पन्नाशीच्या आसपास निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागते आणि ऐंशीनंतर ती बहुतेकांमध्ये असते. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही.

त्रास होतो तो मधून जाणारी वाट आवळली गेल्यामुळे. लघवीची धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते, शेवटी थेंब थेंब येत राहते. मूत्राशयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे त्याचे स्नायू जाड आणि चिडखोर होतात, वारंवार जावेसे वाटते, घाई होते. दुर्लक्ष होत राहिले तर मूत्राशय रिकामे होईनासे होते. साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे तयार होतात आणि उलट दाबाने मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो.

इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. ग्रंथी जितकी मोठी तितका त्रास जास्त, असा सरळ हिशेब नसतो. ४० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात डोकावत असेल तर तो झडपेसारखा आडवा येतो आणि माणूस हैराण होतो. शेजारच्याची ग्रंथी ९० ग्रॅमची असते आणि तो शांत झोपतो. म्हणून ऑपरेशन लागेल का, हे लक्षणे आणि गुंतागुंत ठरवतात. ऑपरेशन कोणते, हे ठरवताना मात्र ग्रंथीचे माप फार मोलाचे असते.

हा कर्करोग असतो का?

नाही. ही साधी वाढ आहे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. म्हणून डॉक्टर गुदमार्गातून बोटाने तपासणी करतात आणि गरजेनुसार पीएसए ही रक्ततपासणी सांगतात. पीएसए साध्या वाढीतही वाढते, जंतुसंसर्गातही वाढते आणि लघवी तुंबून नळी घातल्यावरही वाढते. त्यामुळे केवळ आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही.

रोबोटच्या चर्चेत हा फरक सगळ्यात आधी स्पष्ट व्हायला हवा, कारण रोबोटचे नाव झाले ते प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे. कर्करोगात संपूर्ण ग्रंथी, तिच्या आवरणासह आणि वीर्यकोशांसह काढावी लागते. मग मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा जोडावे लागतात. ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत बारीक टाके घालायचे हे काम रोबोटच्या हातांना चांगले जमते. साध्या वाढीत फक्त आतला फुगलेला भाग काढायचा असतो, आवरण जागेवरच राहते. जागा तीच असली तरी हे काम निराळे आहे. एका कामातले यश दुसऱ्या कामाच्या जाहिरातीत वापरले जाते आणि रुग्णाच्या लक्षातही येत नाही.

ऑपरेशन कधी लागते?

त्रास मोजण्यासाठी जगभर सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. गेल्या महिनाभरात किती वेळा घाई झाली, किती वेळा धार थांबली, रात्री किती वेळा उठावे लागले, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे तीव्र त्रास. याशिवाय आणखी एक प्रश्न असतो : उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर कसे वाटेल?

सौम्य त्रासात संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी करणे, दारू टाळणे एवढे पुरते. त्यापुढे औषधे येतात. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन यांसारखी औषधे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत आराम देतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण तिचा परिणाम डोळ्याच्या बाहुलीवरही होतो. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथीचा आकार हळूहळू कमी करतात. त्यांना साधारण सहा महिने द्यावे लागतात. या औषधांनी पीएसए जवळपास निम्म्यावर येते, म्हणून अहवाल पाहणाऱ्या डॉक्टरांना ती चालू असल्याचे सांगितलेच पाहिजे.

औषधाने भागत नसेल, लघवी वारंवार तुंबत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील, सतत जंतुसंसर्ग किंवा रक्त येत असेल, मूत्रपिंडावर ताण दिसत असेल, तर ऑपरेशन लांबवू नये. एकदाच तुंबली म्हणजे लगेच ऑपरेशन, असेही नाही. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. औषध सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहता येते. म्हणजे त्या सकाळी अर्ध्या तासात घाईने निर्णय घ्यायची बहुतेकांना गरजच नसते.

ऑपरेशनचे मार्ग कोणते?

समजायला संत्रे बरे पडते. साल म्हणजे ग्रंथीचे आवरण, गर म्हणजे फुगलेला भाग. गर काढायचा आहे, साल ठेवायची आहे.

पहिला मार्ग टीयूआरपी. लोक त्याला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात. मूत्रमार्गातून दुर्बीण आत नेऊन विजेच्या तारेच्या कडीने, खवणीने खोबरे खवावे तसा गर आतून खरवडून वाट मोकळी करतात. पोटावर एकही चीर नाही, कमरेत इंजेक्शन देऊन भूल चालते. या ऑपरेशनची दुर्बीण १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत घडली आणि आजही इतर सगळ्या पद्धती याच ऑपरेशनशी ताडून पाहिल्या जातात. पूर्वी यात धुण्यासाठी मीठ नसलेले द्रावण लागे. ते जास्त प्रमाणात रक्तात शोषले गेले तर सोडियम धोकादायकरीत्या उतरत असे. आता बायपोलर पद्धतीत सलाइन वापरतात, त्यामुळे तो धोका जवळपास गेला. ढोबळमानाने ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी टीयूआरपी योग्य.

दुसरा मार्ग होलेप. यातही दुर्बीण मूत्रमार्गातूनच जाते. होल्मियम लेझरने गर सालीपासून अख्खा सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथे त्याचे तुकडे करून शोषून बाहेर काढतात. न्यूझीलंडचे युरोलॉजिस्ट पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. हिचे वैशिष्ट्य म्हणजे आकाराची अट नाही. ५० ग्रॅम असो वा १५०, काम त्याच वाटेने होते. रक्तस्राव कमी होतो, नळी लवकर निघते. अडचण एकच : हात बसायला वेळ लागतो, म्हणून चांगले प्रशिक्षण घेतलेले सर्जन सगळीकडे नाहीत. थुलियम लेझरनेही असेच काम करता येते.

तिसरा मार्ग उघड्या शस्त्रक्रियेचा. ओटीपोटावर चीर देऊन बोटाने गर सोलून काढायचा. ही पद्धत जगभर पोहोचवणारे पीटर फ्रेयर यांनी आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षे नोकरी केली होती. लंडनला परतल्यावर १९०० च्या सुमारास त्यांनी या शस्त्रक्रियेचे रुग्ण नोंदवले. पुढे १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता थेट ग्रंथीपर्यंत जाण्याची वाट दाखवली. खूप मोठ्या ग्रंथीसाठी ही शस्त्रक्रिया आजही होते आणि परिणामकारक आहे. पण रक्त जास्त जाते आणि हॉस्पिटलातला मुक्काम वाढतो.

मग रोबोट कुठे येतो?

रोबोट येतो तो या तिसऱ्या मार्गाच्या जागी. उघड्या शस्त्रक्रियेत जे बोटाने होते, तेच पोटावरच्या पाच-सहा छोट्या छिद्रांमधून यंत्राच्या हातांनी करायचे. व्हेनेझुएलाचे रेने सोतेलो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा पहिल्या सात रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. म्हणजे ही पद्धत तशी नवीच. ती ८० ते १०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथींसाठी आहे.

घरी विचारात घेण्याजोगा मुद्दा हाच. ४५ ग्रॅमच्या ग्रंथीसाठी पोटात छिद्रे पाडून आत जाणे म्हणजे घराचे दार उघडे असताना कौले काढून उतरण्यासारखे आहे. मूत्रमार्गाची तयार वाट असताना पोटातून जायला ठोस कारण लागते.

तशी कारणे असतात. ग्रंथी खूपच मोठी आहे आणि होलेप करणारा अनुभवी सर्जन आवाक्यात नाही. मूत्राशयात मोठे खडे आहेत. मूत्राशयाच्या भिंतीला पिशवीसारखा फुगवटा आला आहे आणि तोही त्याच वेळी काढायचा आहे. मूत्रमार्ग अरुंद असल्याने दुर्बीण जात नाही. कमरेच्या किंवा खुब्याच्या दुखण्यामुळे रुग्णाला पाय फाकवून झोपवता येत नाही. अशा रुग्णासाठी रोबोट खरोखर उपयोगी आहे. उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत रक्त कमी जाते आणि माणूस लवकर घरी येतो, हे आजवरच्या अभ्यासांत दिसते. ऑपरेशनला वेळ मात्र थोडा जास्त लागतो.

रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का?

हॉस्पिटलात ज्याला रोबोट म्हणतात, तो स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन काही फुटांवर एका कन्सोलसमोर बसतो, डोळ्यांसमोर त्रिमितीय आणि मोठी केलेली प्रतिमा असते, बोटांत दोन नियंत्रक असतात. त्याच्या बोटांची हालचाल यंत्र मोजते आणि रुग्णाच्या पोटातल्या अवजारांकडून ती लहान प्रमाणात करवून घेते. सर्जनचा हात काही सेंटिमीटर फिरला तर अवजाराचे टोक त्याच्या अंशाएवढेच फिरते. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. साध्या लॅप्रोस्कोपीच्या सरळ दांड्यांना नसलेले ‘मनगट’ या अवजारांना असते, म्हणून खोलवर टाके घालणे सोपे जाते. एक उणीवही आहे : आतापर्यंतच्या बहुतेक यंत्रांत पेशींचा कडकपणा हाताला जाणवत नाही, सर्जन तो डोळ्यांनी ओळखतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० मध्ये मान्यता दिलेले ‘दा विंची’ हे या प्रकारातले सर्वात प्रसिद्ध यंत्र. गुरुग्रामच्या कंपनीने बनवलेले ‘एसएसआय मंत्रा’ हे भारतीय यंत्रही आता वापरात आहे.

म्हणजे यंत्राला कौशल्य नसते, ते सर्जनचे कौशल्य अरुंद जागेत पोहोचवते. ज्याचा हात तयार आहे त्याचा तो अधिक चांगला होतो. ज्याचा नाही, त्याला यंत्र तयार करून देत नाही.

गंमत म्हणजे खऱ्या अर्थाने स्वयंचलित रोबोटचा जन्म प्रोस्टेटच्या साध्या वाढीसाठीच झाला होता. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील यांत्रिकी अभियंते ब्रायन डेव्हिस आणि सर्जन जॉन विकहॅम यांच्या गटाने ‘प्रोबॉट’ बनवला. १९९१ मध्ये त्याने माणसाच्या शरीरातील प्रोस्टेटचा भाग आखलेल्या मार्गाने स्वतः कापून काढला, तोही मूत्रमार्गातून. सर्जन शेजारी उभा राहून लक्ष ठेवत होता. हे यंत्र बाजारात रुजले नाही, पण कल्पना परत आली.

तिचे आजचे रूप म्हणजे ॲक्वाब्लेशन. मूत्रमार्गातून नळी आत जाते, गुदमार्गातली सोनोग्राफी ग्रंथीचे चित्र पडद्यावर दाखवते, सर्जन त्यावर काय काढायचे आणि काय वाचवायचे याची रेघ आखतो. मग सलाइनचा अतिवेगवान झोत त्या रेघेबरहुकूम गर कोरतो. उष्णता वापरली जात नाही. अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिला मान्यता मिळाली. टीयूआरपीशी तुलना करणाऱ्या १८१ रुग्णांच्या चाचणीत प्रत्यक्ष कोरण्याला सुमारे ४ मिनिटे लागली, टीयूआरपीला २७. एकूण ऑपरेशनचा वेळ मात्र दोन्हीत जवळपास सारखाच होता. लघवीच्या त्रासातला आराम सारखाच मिळाला. वीर्य बाहेर न येण्याची तक्रार १० टक्के विरुद्ध ३६ टक्के, असा फरक दिसला. कापलेल्या जागेतून रक्त येणे ही या पद्धतीची कमकुवत बाजू. म्हणून झोतानंतर रक्तस्रावाच्या जागा विजेने बंद करतात. ही सोय सगळीकडे मिळत नाही आणि दूरच्या काळातले निष्कर्ष टीयूआरपीइतके जुने नाहीत.

तेव्हा डॉक्टर ‘रोबोटिक’ म्हणाले की पहिला प्रश्न असा असावा : पोटातून की मूत्रमार्गातून? एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी ऑपरेशने येतात.

रोबोटने निकाल चांगला येतो का?

‘कशापेक्षा चांगला’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मोठ्या ग्रंथीत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोट सरस दिसतो. होलेपशी तुलना केली तर लघवीच्या धारेतली सुधारणा सारखीच, आणि नळीचे दिवस व हॉस्पिटलातला मुक्काम होलेपमध्ये सहसा कमी, असे बहुतेक तुलनात्मक अभ्यास दाखवतात. मध्यम आकाराच्या ग्रंथीत टीयूआरपीसमोर पोटातून जाणाऱ्या रोबोटला उभे करण्याचे कारणच नाही.

कर्करोगाच्या क्षेत्रातला, जिथे रोबोटचा सर्वाधिक बोलबाला आहे तिथला, एक अनुभव सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले : उघडी शस्त्रक्रिया आणि रोबोट. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत लक्षणीय फरक नव्हता. रोबोटच्या गटात रक्त कमी गेले. संशोधकांचा सल्ला असा होता की रुग्णाने यंत्रापेक्षा ज्या सर्जनवर विश्वास आहे तो निवडावा. साध्या वाढीलाही हे लागू पडते.

काही परिणाम तिन्ही मार्गांत समान आहेत. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे हे टीयूआरपी, होलेप आणि रोबोट अशा तिन्हींत बहुतेकांना अनुभवास येते. त्याने अपाय होत नाही आणि ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही, पण हे आधी न सांगितल्यास माणूस आतून खचतो. ऑपरेशननंतर साल, म्हणजे ग्रंथीचे आवरण, शिल्लक असते. म्हणून पुढेही पीएसए तपासत राहावे लागते. रोबोटने काढले म्हणजे प्रोस्टेट गेलीच, हा समज धोक्याचा आहे.

पोटातून होणाऱ्या रोबोटिक ऑपरेशनला पूर्ण भूल लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि रुग्णाचे डोके खाली, पाय वर असे तिरके झोपवतात. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस कमजोर आहे, त्यांच्यासाठी हा ताण असतो. टीयूआरपी कमरेतल्या भुलीवर होते. सत्तरीतल्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

खर्च इतका का? विमा देतो का?

रोबोटच्या यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांत असते. त्यावर दरवर्षीचा देखभाल करार. अवजारांची टोके ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात आणि यंत्र स्वतः ती मोजदाद ठेवते. यंत्र पडून राहिले तरी हा खर्च थांबत नाही. त्यामुळे ते जितके जास्त वापरले जाईल तितका प्रत्येक ऑपरेशनचा भार कमी होतो. या हिशेबात कुणाचा वाईट हेतू असायलाच हवा असे नाही. पण हिशेबाचा दाब कोणत्या दिशेने असतो, हे रुग्णाला ठाऊक असावे.

विमा नियामक असलेल्या इर्डायने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली, ज्या आरोग्य विम्यातून वगळता येत नाहीत. त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे आणि प्रोस्टेटचे होल्मियम व ग्रीन लेझर उपचारही आहेत. मात्र कंपनी या उपचारांवर रकमेची उपमर्यादा घालू शकते. पाच लाखांची पॉलिसी असली तरी रोबोटसाठी त्यातला काही भागच मिळू शकतो. शिवाय बहुतेक पॉलिसींमध्ये प्रोस्टेट वाढीसाठी सुरुवातीचा ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो. कॅशलेस मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत ‘विमा आहे’ या वाक्यावर विसंबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती प्रक्रिया बसते, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारता येते.

डॉक्टरांना काय विचारावे?

आधी माप : सोनोग्राफीत ग्रंथी किती ग्रॅमची आहे, मधला भाग मूत्राशयात आला आहे का, लघवी झाल्यावर किती मिलिलिटर मागे राहते. मग मार्ग : या मापाला मूत्रमार्गातून करता येणार नाही का, येत नसेल तर का. मग हात : ही पद्धत तुम्ही स्वतः नियमित करता का, या मापाच्या किती ग्रंथी केल्या आहेत. मग परिणाम : नळी किती दिवस, रक्त देण्याची वेळ कितपत येते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे. शेवटी पैसे : रोबोटने आणि रोबोटशिवाय, दोन्हींचा लेखी अंदाज वेगवेगळा द्या.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. ‘माझ्याकडे होलेप होत नाही, अमुक ठिकाणी होते’ असे सांगणारा डॉक्टर भेटला तर तो भाग्याचाच भाग म्हणायचा.

बदलायला काय हवे?

रोबोटला विरोध करण्याचे कारण नाही. १५० ग्रॅमची ग्रंथी आणि मूत्राशयात खडे घेऊन आलेल्या माणसाला पोटावरच्या मोठ्या जखमेऐवजी पाच छिद्रांत मोकळे करणारे यंत्र हे चांगल्या अभियांत्रिकीचे उदाहरण आहे. आक्षेप आहे तो ‘रोबोट’ हा शब्द दर्जाची हमी म्हणून विकला जाण्याला. फलकावर यंत्राचा फोटो असतो. कोणत्या आजारासाठी, कोणत्या मापासाठी, हे नसते. हॉस्पिटलांनी संमतिपत्रावर सही घेण्याआधी उपलब्ध नसलेले पर्यायही लेखी सांगावेत. यंत्रखरेदीवर जितका पैसा आणि अभिमान खर्च होतो, त्यातला थोडा होलेपच्या प्रशिक्षणावर झाला तर मोठ्या ग्रंथीच्या कितीतरी रुग्णांना पोटातून जाण्याची वेळच येणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगले टीयूआरपी होत राहणे, हे शहरात आणखी एक रोबोट येण्याइतकेच गरजेचे आहे.

आणि घरातही एक बदल हवा. लघवीच्या त्रासाबद्दल बोलण्याची लाज हीच या आजारातली सर्वात महाग गोष्ट आहे. वेळेत दाखवले तर अनेकांचे गोळ्यांवर भागते. ग्रंथी मध्यम असताना दाखवले तर साधे दुर्बिणीचे ऑपरेशन पुरते. उशीर झाला की मूत्राशयाची ताकद गेलेली असते आणि मग कितीही भारी यंत्राने वाट मोकळी केली तरी धार परत येईलच असे नाही.

रात्री ते किती वेळा उठतात हे घरात बहुतेकदा आईला माहीत असते. तिला विचारावे, तीन दिवस वहीत वेळा लिहून ठेवाव्यात आणि ती वही व सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन वडिलांसोबत युरोलॉजिस्टकडे जावे. नळी आणि पिशवी लागण्याच्या आधी.